भाऊसाहेबांचा पंख

अमडापुरात कुठलंही पाखरू जखमी होऊन पडलं, की ते फिरून-फिरून अन्नपूर्णाबाईच्या ओसरीवर येऊन पोचायचं. कुणी पदरात घालून आणायचं, कुणी टोपलीत, तर कुणी पायाला धरून उलटं लोंबकळत. असं लोंबकळत आणणाऱ्याला अन्नपूर्णाबाई पाखरू हातात घ्यायच्या आधीच विचारायची, "तुले एका टांगेले धरून चिखलीले नेलं तर चालन का रे?" आणि मग पुढं त्याच्याशी बोलत नसे. दार लोटून घ्यायची आणि पाखराच्या मागं लागायची.

गावाबाहेर चिखलीच्या रस्त्याला तिचं घर होतं. घरामागं विहीर आणि विहिरीवर तिचा नवरा उकंडराव याचा मळा. वांगी, मिरची, मेथी, आणि हिवाळ्यात पलीकडच्या तुकड्यात हरभरा. उकंडरावाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हा झाल्याबरोबर त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललं आणि तेच नाव पडलं. अशा नावाची माणसं जगतात भरपूर, आणि बोलतात त्याहून भरपूर. दोन मुली होत्या, दोघी सासरी नांदत होत्या. घरात उरली ही दोघं, बैलजोडी, आणि जी काय पाखरं त्या वेळी बरी होत असतील ती.

हे सगळं सुरू झालं एका गारपिटीनं. एका फाल्गुनात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि मागच्या चिंचेखाली साळुंक्यांचा नुसता सडा झाला. सगळं गाव आपापल्या छपरावरची फुटकी कवेलू बघत फिरत होतं. अन्नपूर्णाबाई पाटी घेऊन चिंचेखाली गेली आणि ज्यांचं पोट हलत होतं तेवढ्या साळुंक्या वेचून घरी आणल्या. निम्म्या रात्रीतून मेल्या. उरलेल्या सकाळी चुलीच्या उबेला कलकलायला लागल्या. त्या उडून गेल्या तेव्हा बाईला जे वाटलं, ते पुन्हा वाटावं म्हणून ती पुढं पाखरं घेत गेली, एवढीच त्यातली गोष्ट.

तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ती चुकत-चुकत शिकली. होल्याला मायेनं दूध पाजलं, तो मेला. पिंगळ्याच्या चोचीत पाणी ओतलं, ते नको तिथं, श्वासाच्या नळीत उतरलं. पण सगळ्यात मोठी चूक झाली ती राघूची. त्याचा पाय नीट बसला, तो खांद्यावर बसायला लागला, "अन्नू" म्हणायला लागला. मग त्याला सोडला, तर तो शेजारच्या मांजरीलाही घरचीच समजून तिच्यापुढं जाऊन बसला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. तेव्हापासून अन्नपूर्णाबाईनं नेम केला: आलेल्या पाखराला नाव ठेवायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही आणि त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. बरं करायचं आणि वाटेला लावायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरा हिवाळा लागला होता. त्या साली गावात दोनच विषय होते. एक, माघात येणारी निवडणूक. दुसरा, अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येणार आणि दुनिया बुडणार, असं कुणीतरी पंचांगातून काढलं होतं. देवळात होमाची तयारी चालली होती, आणि मारवाड्याच्या दुकानात तूप मिळेनासं झालं होतं.

अशा दिवसांत एका सकाळी उकंडराव मळ्यातून घरी आला तो धावतच. घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि घोंगडी आतून लाथा मारत होती.

"अवो, पाय ना लवकर! माह्या हातून लय वंगाळ झालं."

घोंगडी उघडली, तर आत करकोचा! राखाडी अंग, काळी लांब मान, डोळे लाल गुंजेसारखे आणि दोन्ही कानांमागं पांढऱ्या पिसांचे झुपकेदार तुरे. डावा पंख खाली लोंबत होता आणि त्यातून रक्त येत होतं.

थंडी पडली की करकोच्यांचे थवे उत्तरेकडून यायचे आणि हरभऱ्यात उतरायचे. सगळे शेतकरी त्यांना गोफणीनं हाकलायचे. त्यात उकंडराव सगळ्यात पुढं. पण त्याच्या गोफणीचा धोंडा आजवर एकदाही पाखराला लागला नव्हता. गावात म्हणच होती, की उकंडरावानं गोफण घेतली तर सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे समोरची. त्याच्या त्या मोठ्या कारकिर्दीतला हा पहिला नेम, आणि तो लागल्यावर मालकच रडकुंडीला आला होता.

"मी नुसता उडवून राह्यलो होतो वो. तो आडवा कसा आला कोण जाणे."

"बोलू नोका. धरा आधी."

धरणं सोपं नव्हतं. करकोचा चोचीनं डोळ्यावरच नेम धरत होता, आणि त्याचा नेम उकंडरावापेक्षा पुष्कळ बरा होता. शेवटी शेजारच्या हैदरला हाक मारली. हैदर पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देणारा. आडदांड गडी, पण हात कापसासारखे हलके. तो आला, त्यानं बघितलं आणि उकंडरावाच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून सरळ करकोच्याच्या डोक्यावर चढवली. डोळे झाकले गेले तसा पक्षी एकदम गप्प झाला.

हैदर म्हणाला, "याचं बरं हाय. आपल्याइकडं टोपी घातली का माणूस बोलाले लागते."

अन्नपूर्णाबाईला हसू आलं, पण हात थांबले नाहीत. पंखातली हाडाची एक काडी मोडली होती. तिच्याजवळची दुसरी शाबूत होती, म्हणजे आशा होती. तिनं जखम कोमट पाण्यानं धुतली आणि हळद दाबली. तेल लावलं नाही, तेलानं पिसं चिकटतात. हैदरनं कापूस पुढं केला, तर म्हणाली, "कापूस नोको भाऊ, त्याचे तंतू जखमेत रुतते." मग जुन्या लुगड्याच्या धडप्याच्या पट्ट्या फाडल्या. पंख जसा बसलेल्या पाखराचा असतो तसा मिटून अंगाशी बांधला. गोठ्याच्या कोपऱ्यात तुराट्यांचा आडोसा केला, खाली कडबा पसरला, पाण्याचं घमेलं ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

पहिले काही दिवस करकोचा काही खाईना. भिंतीकडं तोंड करून एका पायावर उभा राहायचा. आभाळातून थवा ओरडत गेला की मान वर करायचा, बस. एका सकाळी तिनं आडोशातून डोकावून पाहिलं, तर तो घमेल्याजवळचा नाकतोडा टिपत होता. ती पाय न वाजवता मागं सरकली आणि अंगणात येऊन एकटीच हसत उभी राहिली.

जाऊबाई सत्यभामाबाई तेवढ्यात ताक न्यायला आल्या होत्या. सत्यभामाबाई म्हणजे गावातली सगळी बातमी.

"काऊन वो हसून राह्यली? दुनिया बुडाले आली अन तू पाखराचे पंख जोडून राह्यली."

"बुडू द्या ना बाई. बुडाच्या वक्ताले उडता आलेलं बरं."

सत्यभामाबाईंनी हे वाक्य ताकाबरोबर घरी नेलं आणि दुपारपर्यंत ते गावभर झालं.

दुनिया काही बुडली नाही. अष्टग्रहीचे दिवस आले, होम झाले, धूर झाला आणि दुसऱ्या दिवशी गडी माणसं कामाला गेली. त्याच सुमारास अन्नपूर्णाबाईनं पट्ट्या सोडल्या. हाड जुळलं होतं, पण पंख आखडला होता. ती रोज त्याच्या डोक्यावर टोपी घालून पंख हलक्या हातानं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. हळूहळू तो पुरा पसरायला लागला. आता त्याला उडायची सवय करायला हवी होती. मोडक्या पायानं घरी दिवस काढलेल्या गड्याला एकदम नांगरावर धाडत नाहीत, तसंच हे.

करकोचा जागच्या जागी उडत नाही. आधी धावतो, मग उचलला जातो. म्हणून ज्वारी काढून झालेल्या रिकाम्या वावरात तिनं त्याला आणलं आणि त्याच्या मागं धावायला सुरुवात केली. पंचेचाळिशीची बाई, कासोटा खोचलेला, दोन्ही हातांत लुगड्याची फडकी धरून पंखासारखी हलवत, "हाऽऽ हाऽऽ" करत वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. करकोचा दहा पावलं पळायचा आणि थांबून मागं वळून बघायचा, जणू साहेब काम तपासायला आलेत.

रस्त्यानं जाणाऱ्या सत्यभामाबाईंनी हे पाहिलं आणि घागर तिथंच ठेवून त्या गावात पळाल्या.

"धावा रे! अन्नपूर्णेच्या अंगात आलं!"

अष्टग्रही काहीच न करता गेली, याची गावाला जरा चुटपुट लागलेलीच होती. अर्धं अमडापूर वावराच्या बांधावर येऊन उभं राहिलं. हैदर पुढं झाला, काय चाललंय ते विचारून घेतलं, आणि लोकांना समजावून सांगायच्या ऐवजी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच हात हलवत धावायला लागला. मग बांधावर जे हसू फुटलं, त्याला आवर राहिला नाही.

नेमकी त्याच वेळी चिखलीकडून निवडणुकीची जीप आली. वर भोंगा बांधलेला, आत गळ्यात हार घातलेले पुढारी. गावोगाव रिकाम्या पारांपुढं बोलून-बोलून ते कंटाळले होते. इथं भर उन्हात एवढी जनता उभी पाहून त्यांना गहिवरून आलं. जीप बांधाला लावली, भोंगा एकदा किंचाळला आणि मागोमाग गर्जना झाली, "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनोऽऽ!"

करकोचा दचकला. मान पुढं ताणून धावायला लागला, पाच ढांगा, दहा ढांगा, पंख उघडले आणि पाय जमिनीवरून सुटले. तो बांधावरून गेला, बाभळीवरून गेला, जीपच्या भोंग्यावरून गेला. सगळ्या गावानं माना वर केल्या आणि टाळ्यांचा कडकडाट केला. पुढारी हात जोडून म्हणाले, "हे प्रेम मी कधी विसरणार नाही."

अन्नपूर्णाबाई वावरात मटकन बसली होती. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी, आणि तोंड हसरं.

पण संध्याकाळी ती परसात गेली तर करकोचा घरी परत! उकंडराव उकिडवा बसला होता, तळहातावर सोललेला हरभरा होता आणि पाहुणा त्यातून एकेक दाणा निवडून खात होता.

"खा, भाऊसाहेब, खा. आज लय मोठं काम केलं तुमी. तलाठ्यावानी कानामागं लेखणी खोचून आले, अन साऱ्या गावाची पाह्यणी करून गेले."

अन्नपूर्णाबाई दाराआड थांबली. नाव ठेवून झालं होतं तर. आणि हा दाणा काही आजचा पहिला नव्हता. पक्षी ज्या सवयीनं टिपत होता, त्यावरून ते दिसतच होतं.

"किती दिवसापासून चालू हाय हे?"

उकंडराव चोरासारखा उठला. "माह्या धोंड्यानं पडला ना तो. मले वाटे, जरा बोलावं त्याच्यासंगं. चार दाण्यानं काय होते?"

"तुमी धोंडा मारला तवा पंख मोडला. तो मी जोडला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता तुमी लाड करून जीव घ्याल, तो कसा जोडू? उद्या हा दुसऱ्याच्या हाताजवळ जाईन अन तिथं दाणा नसन, काठी असन."

उकंडरावानं मुठीतला हरभरा खाली टाकला, घरात गेला आणि मागचं दार लावून घेतलं. दारामागून म्हणाला, "राघूच्या वक्ताले तू जेवली नव्हती. मले ध्यानात हाय."

नंतरच्या दिवसांत दोघंही डोक्यावरून घोंगडी घेऊन, तोंड न दाखवता त्याच्यापुढं दाणे फेकायचे. बोलायचं नाही. करकोचा रोज उडायचा, मळ्याभोवती फेऱ्या मारायचा आणि रोज परत यायचा. हरभरे निघाले होते, अमडापुराच्या शिवारात आता थवे उतरत नव्हते. त्याला एकट्याला जावं तरी कुठं, हे कळत नसावं. उन्हं तापायला लागली. होळी जवळ आली, की करकोचे उत्तरेला निघून जातात. आणि एकदा ते गेले, की उन्हाळाभर हा इथंच अडकणार.

बातमी आणली हैदरनं. पिंजण घेऊन तो मेहकरच्या बाजूला फिरून आला होता.

"भाभी, पैनगंगेच्या रेतीत जमले हाये सारे. एवढे, का रेती दिसत नाई. दोन-चार दिसात निघून जातीन."

अन्नपूर्णाबाईचं माहेर त्याच काठचं. लहानपणी धुणं धुताना करकोच्यांचा तो गलका ऐकतच ती मोठी झाली होती. ती लगेच म्हणाली, "उद्याच जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीच्या थांब्यावर उभी राहिली. उकंडरावाच्या हातात कोंबड्या झाकायचं मोठं डालं, तोंडाला फडकं बांधलेलं. चिखलीला गाडी बदलली. पुढच्या गाडीचे कंडक्टर माणिकराव दांडगे, मिशा पिळलेले, खाकी कपड्याची घडी मोडू न देणारे.

"डाल्यात काय हाय?"

"पाहुणा," उकंडराव म्हणाला.

"कोंबड्या असन तर टपावर ठेवा."

"कोंबडी नोय," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

फडक्याच्या फटीतून एक काळी मान बाहेर आली, वर आली, अजून वर आली आणि लाल डोळ्यांनी माणिकरावांच्या मिशा न्याहाळायला लागली. माणिकराव दोन पावलं मागं सरले. मागच्या बाकावरची एक म्हातारी जोरानं हसली. मग सगळी गाडी विचारायला लागली, आणि उकंडरावानं गोफणीपासून जीपच्या भोंग्यापर्यंत सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. ते ऐकता-ऐकता माणिकराव तिकिटं द्यायचंच विसरले. शेवटी त्यांनी डालं स्वतःच्या बाकाखाली सरकवायला जागा केली आणि म्हणाले, "पाहुण्याले सांगा, मान अंदर ठेवा म्हणा. खिडकीबाहेर अंग काढाची मनाई हाय."

नदीच्या फाट्यावर उतरून दोघं वाळूतून चालत गेली. गलका आधीच ऐकू येत होता. वळणावर बाभळीच्या आड थांबून त्यांनी पाहिलं. हैदरनं खोटं सांगितलं नव्हतं. उथळ पाण्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी पाठी, काळ्या माना आणि पांढरे तुरे, जिथवर नजर जाईल तिथवर.

अन्नपूर्णाबाईनं डालं आडवं करून फडकं सोडलं आणि दोघं घोंगडी पांघरून बाभळीमागं बसली. करकोचा बाहेर आला. दोन पावलं टाकून थांबला. मागं वळून डाल्याकडं पाहिलं. उकंडरावाचा हात घोंगडीत हलला, तो अन्नपूर्णाबाईनं घट्ट धरून ठेवला.

मग पक्ष्यानं मान वर केली आणि ओरडला. गोठ्यात आल्यापासून त्याचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं. तो चालायला लागला, आधी थबकत, मग भराभर. थव्याच्या कडेला पोचला तर दोघा-तिघांनी चोची उगारून त्याला हटकलं. तो बाजूला सरला, पण परत फिरला नाही. तिथंच खाली मान घालून वाळूत चोच मारत राहिला. थोड्या वेळानं त्याच्याकडं कुणाचं लक्षही राहिलं नाही.

"त्याईनं घेतला का त्याले?" उकंडरावानं कानाशी विचारलं.

"हाकललं तर नाई."

दुपार कलली तेव्हा वरच्या अंगानं मेंढरांचा कळप पाण्यावर आला आणि कुत्रं भुंकलं. सगळा थवा एकदम उठला. वाळू, पाणी, झाडं, सगळं त्या आवाजानं भरून गेलं. थवा आभाळात फिरत-फिरत उंच चढायला लागला. डावा पंख किंचित खाली राहणारा एक पक्षी दोघांनाही काही वेळ ओळखू येत होता. मग ते सगळे सारखेच दिसायला लागले.

"तुले दिसून राह्यला का?"

"नाई."

"मले बी नाई."

"मंग बरं झालं," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि घोंगडी झटकून उभी राहिली.

थवा दिसेनासा होईस्तोवर दोघं उभी होती. ध्यानात आलं तेव्हा परतीची गाडी निघून गेलेली होती. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. उकंडरावानं डालं खाली ठेवलं आणि जरा अवघडून म्हणाला, "तुहं माहेर कितीक लांब हाय इथून?"

माहेर नदीच्या काठाकाठानं तासाभराच्या वाटेवर होतं. मुलींची लग्नं झाल्यापासून ती तिकडं गेली नव्हती. मळा, बैल आणि पाखरं, सोडून जावं कुणावर? आज मळ्यावर हैदर होता, आणि गोठ्याचा कोपरा मोकळा होता. ती वाटेला लागली, आणि लागली ती अशी, की उकंडरावाला मागून धावावं लागलं.

वाटेत एकच गोष्ट तिला खटकत होती. "इतक्या दिसानं जाऊन राह्यली, अन हातात काईच नाई. भाऊजय काय म्हणन?"

भाऊ नारायणराव ओट्यावरच बसला होता. बहिणीला पाहून तो आधी घाबरला, मग पळतच आला. भावजय रुख्मिणी पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तशीच गळ्यात पडली. अंगणात पांढऱ्या-तांबड्या कोंबड्या फिरत होत्या. अन्नपूर्णाबाईनं उकंडरावाच्या हातातलं डालं घेतलं आणि भावजयीपुढं धरलं.

"घे वो, तुह्यासाठी आणलं. कोंबड्या झाकाले."

रुख्मिणीनं डालं फिरवून पाहिलं, आतलं एक राखाडी पीस काढून टाकलं आणि म्हणाली, "कामाचंच आणलं बाई. माह्यं पाह्य ना, पार उसवलं हाय."

मग ती आत वळली आणि चुलीवर दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या.